जुना रिसर्च कोड चालवताना आधी त्याची तारीख काढा

शोधनिबंधासोबतचा कोड उतरवून घेतला, रिक्वायरमेंट्सची फाइल (लागणाऱ्या पॅकेजांची यादी) पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला, दिली आणि एररची रांग लागली, की नवे विद्यार्थी एकेक पॅकेज वरखाली करत बसतात. यात आठवडा सहज जातो, कारण एक पॅकेज खाली आणलं की ते आणखी दोघांना सोबत ओढतं. त्याऐवजी पहिली दहा मिनिटं गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची तारखेनिशी नोंद, पाहण्यात घालवा. निबंध प्रसिद्ध झाला त्या सुमाराचा कमिट (नोंदवलेला बदल) शोधा. सगळ्यात शेवटचा नको, तो पुष्कळदा नुसती रीडमीतली दुरुस्ती असतो.

तारखेवरून पायथनचं व्हर्जन ठरतं, आणि पायथनवरून बाकी सगळं. २०१९ चं टेन्सरफ्लो १.१५ हे मशीन लर्निंगचं पॅकेज पायथन ३.७ च्या पुढे बसत नाही. पिप 'जुळणारं व्हर्जन सापडलं नाही' एवढंच सांगतो, त्यामुळे पॅकेज काढून टाकलं असावं असं वाटतं. ते जागेवरच असतं, तुमच्या पायथनसाठी ते कधी बांधलंच गेलेलं नसतं. म्हणून मिनीफोर्ज (कोंडा हे पॅकेजं सांभाळणारं साधन बसवणारा इन्स्टॉलर) घ्या आणि प्रत्येक निबंधाला वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतःचा पायथन आणि पॅकेजं असलेली वेगळी जागा, करा. ते तुमच्या होम फोल्डरमध्ये बसतं, लॅबच्या सर्व्हरवर अ‍ॅडमिनची परवानगी लागत नाही.

फाइलीत पॅकेजांची नुसती नावं असतील, आकडे नसतील, तर यूव्ही हे पिपसारखंच साधन वापरा. त्याला 'एक्सक्लूड न्यूअर' हा पर्याय देऊन तारीख सांगितली, की तिच्यानंतर आलेलं काही तो विचारातच घेत नाही. नाहीतर २०२० च्या कोडला आजचा नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) मिळतो. त्याच्या १.२४ मध्ये 'एनपी डॉट फ्लोट' हे जुनं नाव गेलं, आणि जून २०२४ च्या २.० नंतर १.x वर कंपाइल झालेली मॉड्यूलं चालेनाशी झाली.

तारखेचा नियम मोडावा लागतो तो जीपीयूपाशी, म्हणजे ग्राफिक्स कार्डापाशी. आरटीएक्स ३०६० सारख्या कार्डाला कुडा (एनव्हिडियाच्या कार्डांवर हिशेब चालवणारी प्रणाली) ११.१ किंवा पुढचं लागतं. २०२० च्या सुरुवातीचं टॉर्च, म्हणजे पायटॉर्च हे मशीन लर्निंगचं पॅकेज, कुडा १०.१ वर बांधलेलं, त्याला हे कार्ड ओळखताच येत नाही आणि 'नो कर्नल इमेज' ही एरर येते. अशा वेळी फक्त टॉर्च वर न्या: १.८.० ची कुडा ११.१ वाली बांधणी, सोबत त्याचं चित्रांसाठीचं टॉर्चव्हिजन ०.९.०. ही बांधणी पायटॉर्चच्या स्वतःच्या इंडेक्सवरून घ्यावी लागते. 'एनव्हिडिया-एसएमआय' ही कमांड दाखवते त्या तक्त्याच्या डोक्यावरचा कुडाचा आकडा पाहून निर्णय घेऊ नका. ती ड्रायव्हरची कमाल मर्यादा आहे, बसवलेली आवृत्ती नव्हे. टॉर्चलाच त्याचं कुडा व्हर्जन विचारा. कोडमध्ये कुडाच्या स्वतंत्र फाइली कंपाइल करायच्या असतील तरच एनव्हीसीसी या कुडाच्या कंपायलरकडे वळा.

एरर न देता चुकणारा कोड जास्त घातक. सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या पॅकेजच्या ०.२२ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१९ ला, रँडम फॉरेस्ट या पद्धतीतल्या निर्णयवृक्षांची, काही न सांगितल्यास धरली जाणारी संख्या १० वरून १०० झाली. कोडमध्ये ती लिहिलेली नसेल तर सगळं सुरळीत चालतं आणि अचूकतेचे आकडे मात्र निबंधाशी जुळत नाहीत. मार्गदर्शकांना 'निकाल पुन्हा मिळत नाहीत' असं सांगण्याआधी हे तपासलंच पाहिजे, इथे मूळ लेखकांवर विनाकारण शंका घेतली जाते.

इंदूरला बऱ्याच जणांचा लॅपटॉप राजेंद्रनगर किंवा लोकमान्य नगरातल्या घरी आणि सर्व्हर खंडवा रोडवरच्या लॅबमध्ये असतो. दोन्हीकडे एकच एन्व्हायर्नमेंट हवं असेल तर कोड चाललेल्या मशीनवरून पॅकेजांची यादी काढा, पण कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'पिप फ्रीझ' वापरू नका. त्यात काही पॅकेजांपुढे आकड्याऐवजी त्या मशीनवरच्या फाइलीचा पत्ता येतो, आणि तो दुसरीकडे नसतो. 'पिप लिस्ट'ला फ्रीझ फॉरमॅट मागा, मग आकडे येतात. ही यादी कोडसोबत कमिट करा आणि पायथनचं व्हर्जन तिच्या पहिल्या ओळीत कॉमेंट म्हणून लिहा, कारण यादीत ते आपोआप येत नाही.