एबी फॉर्म तीनच्या आत : विधानसभेचं तिकीट कागदावर पक्कं कसं करायचं

यादीत नाव आलं, नाशिकच्या शालिमार चौकात फटाके फुटले, तरी कायद्याच्या लेखी तुम्ही अजून पक्षाचे उमेदवार नाही. ते ठरतं एबी फॉर्मवर, म्हणजे पक्षाने तुम्हाला अधिकृत उमेदवार ठरवल्याचं कळवणाऱ्या ए आणि बी या दोन फॉर्मवर.

त्याआधीचा टप्पा पक्षातला. इच्छुकाचा अर्ज, निरीक्षकांसमोर मुलाखत, मग प्रदेश आणि दिल्ली. मुलाखतीला हारतुरे आणि गर्दी नेण्यापेक्षा मागच्या निवडणुकीचा फॉर्म २० न्या. त्यात मतदान केंद्रनिहाय मतं असतात. कुठल्या केंद्रावर पक्ष मागे पडला आणि तिथे तुमची माणसं कोण, हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे.

आता कागद. तिकीटवाटपाच्या सह्या पक्षात कोण करणार, हे ए फॉर्म सांगतो. त्यावर त्या पदाधिकाऱ्याच्या नमुना सह्या असतात. बी फॉर्मवर उमेदवाराचं आणि पर्यायी उमेदवाराचं नाव. दोन्ही अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात हवेत. सही शाईची, मूळ. झेरॉक्स, रबरी शिक्का, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालत नाही. म्हणून मुंबईहून निघालेला माणूस कसारा घाटात अडकला की इकडे सगळ्यांचा घसा कोरडा पडतो. २०२४ ला नाशिक जिल्ह्यातल्या देवळाली आणि दिंडोरीसाठी एबी फॉर्म हवाई मार्गाने आले, ते उगाच नाही.

फॉर्म वेळेत आला नाही तर? मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात. एकाच सूचकाचा अर्ज भरून बसलात आणि एबी फॉर्म चुकला, तर अर्ज छाननीत बाद. एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात. त्यातला एक दहा सूचकांचा अपक्ष म्हणून भराच. पक्षाला राग येईल, येऊ द्या. दहाही जण त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. तुम्ही नाशिकच्या सिडकोत मतदार आणि उभे देवळालीतून, तर स्वतःच्या मतदार यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रतही जोडा. देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव, तेव्हा जातीचा दाखला हवाच. अनामत ५,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातींखेरीज इतर उमेदवारांना, खुल्या मतदारसंघात, १०,०००.

शपथपत्रात रकाना कोरा ठेवू नका, 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. उमेदवारीची शपथ छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यायची असते; धावपळीत नेमकी तीच राहते.

खरी गंमत दोन बी फॉर्मची. पक्षाने आधी एकाला दिला, रात्रीतून वारं फिरलं आणि दुसऱ्याला दिला, तर दुसऱ्या फॉर्मवर 'आधीचा रद्द' असं स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं आणि तोही ३ च्या आत पोहोचावा लागतो. नसेल तर ज्याचा अर्ज आधी दाखल, चिन्ह त्याचं. ३ वाजून गेल्यावर नेत्यांनी कितीही फोन केले तरी फॉर्म मागे घेता येत नाही. उरतो एकच मार्ग : उमेदवाराने स्वतः माघार घेणं. तो माघारीच्या मुदतीत सापडला नाही, तर मतदान यंत्रावर त्याचं नाव पक्षाच्या चिन्हासकट राहतं.