ॲनिमेशन लायब्ररी आणि टाइपस्क्रिप्ट: ‘ॲज एनी’ लिहिण्याआधी या चुका टाळा

कंपोनंट लिहून झालेला असतो, ब्राउझरमध्ये कार्ड अगदी हवं तसं सरकत वर येतं, आणि एडिटरमध्ये मात्र ‘व्हेरिएंट्स’ (ॲनिमेशनच्या नाव दिलेल्या अवस्था) या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. तिच्यावर माउस नेला की दहा-पंधरा ओळींचा मजकूर उघडतो, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी आत. बिल्ड तिथेच अडकतो. अशा वेळी हात आपोआप ‘ॲज एनी’कडे, म्हणजे ‘हा टाइप तपासू नको’ असं टाइपस्क्रिप्टला सांगणाऱ्या शब्दांकडे जातो. मीही बरीच वर्षं तेच करत होतो. या एररपैकी बहुतेक पाच मिनिटांत नीट सुटतात, आणि काही एरर तर खरोखरच बग दाखवत असतात. म्हणून त्या दाबून टाकू नका असं मी कळकळीने सांगतो.

उदाहरणं मुख्यतः मोशनची घेतो. रिॲक्टसाठीची ही लायब्ररी आधी फ्रेमर मोशन या नावाने होती. २०२४च्या शेवटी तिचं नाव बदललं आणि इम्पोर्ट ‘मोशन/रिॲक्ट’वरून करायला लागलो. जीसॅप या दुसऱ्या ॲनिमेशन लायब्ररीबद्दलही शेवटाकडे थोडं आहे.

एरर वरून खाली वाचू नका

टाइपस्क्रिप्ट सगळ्यात वर मोघम वाक्य देतं आणि नेमकं कारण तळाशी ठेवतं. वरची ओळ म्हणते, ‘हा एवढा मोठा ऑब्जेक्ट त्या एवढ्या मोठ्या टाइपमध्ये बसत नाही.’ ती वाचून हाती काही लागत नाही. थेट शेवटच्या ओळीवर जा. तिथे एकाच प्रॉपर्टीचं नाव असतं, ‘ईझ’ किंवा ‘टाइप’ किंवा ‘ऑनड्रॅग’, आणि दुखणं तिथेच असतं. कोड २७६९ म्हणजे ‘एकही ओव्हरलोड (एकाच फंक्शनचं वेगळं रूप) जुळला नाही’ असा एरर असेल, तर कंपायलर एकेक ओव्हरलोड घेऊन तो का जुळला नाही ते सांगत बसतो आणि मजकूर आणखी लांबतो. तरी युक्ती तीच, तळाची ओळ आधी.

त्या तळाच्या ओळीत आणखी एक खूण असते. तक्रार नुसत्या ‘स्ट्रिंग’बद्दल आहे की अवतरणचिन्हांतल्या एखाद्या ठरावीक शब्दाबद्दल, हे बघा. नुसतं ‘स्ट्रिंग’ दिसलं, तर तुमच्या व्हॅल्यूचा टाइप वाटेत सैल झालाय. अवतरणात तुमचाच शब्द दिसला, तर तो शब्दच लायब्ररीला मान्य नाही. दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत.

ऑब्जेक्ट बाहेर काढला आणि टाइप सैल झाला

सगळ्यात जास्त भेटणारा एरर हाच. जेएसएक्सच्या (रिॲक्टमधल्या टॅगसारख्या कोडच्या) आतच ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे हालचाल कशी व्हावी हे सांगणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये, टाइप ‘स्प्रिंग’ लिहिलं तर काही तक्रार नसते. कोड नीटनेटका करायचा म्हणून तोच ऑब्जेक्ट कंपोनंटच्या बाहेर एका कॉन्स्टमध्ये नेला, की लगेच २३२२ क्रमांकाचा एरर: ‘स्ट्रिंग’ हा टाइप इथे चालणार नाही.

शब्द तोच, तरी फरक का? जेएसएक्सच्या आत असताना कंपायलरला समोर कोणता टाइप अपेक्षित आहे ते माहीत असतं, म्हणून तो ‘स्प्रिंग’ला ‘स्प्रिंग’ म्हणूनच धरतो. बाहेर काढल्यावर त्याच्यासमोर तशी अपेक्षा उरत नाही. कॉन्स्टमुळे व्हेरिएबलला नवी व्हॅल्यू देता येत नसली, तरी ऑब्जेक्टच्या आतल्या प्रॉपर्टी केव्हाही बदलता येतात. उद्या कुणी तिथे दुसरी स्ट्रिंग ठेवू शकतं, म्हणून कंपायलर सावधपणे टाइप ‘स्ट्रिंग’ असा रुंद करतो. लायब्ररीला मात्र ठरावीक काही नावंच हवी असतात.

इलाज असा की ऑब्जेक्ट जिथे जन्मतो तिथेच त्याला टाइप द्यायचा. लायब्ररीतून ‘व्हेरिएंट्स’ हा टाइप इम्पोर्ट करा, कॉन्स्टच्या नावापुढे कोलन देऊन तो लिहा, की झालं. एकट्या ट्रान्झिशनसाठी ‘ट्रान्झिशन’ नावाचा टाइप आहे. माझी पहिली पसंती याच पद्धतीला. तिच्यात एकच उणीव आहे: ‘हिडन’, ‘व्हिजिबल’ ही तुमच्या व्हेरिएंटची नावं कंपायलर विसरतो, म्हणून ती ऑटोकम्प्लीटमध्ये येत नाहीत. नावंही शाबूत हवी असतील तर शेवटी ‘सॅटिस्फाइज व्हेरिएंट्स’ लिहा. टाइपस्क्रिप्ट ४.९ पासून ही सोय आहे. तपासणी होते आणि ऑब्जेक्टचा स्वतःचा नेमका आकारही टिकतो. तिसरा उपाय ‘ॲज कॉन्स्ट’. तो एका शब्दापुरता लावायला सुटसुटीत आहे, पण अख्ख्या ऑब्जेक्टवर लावला की आतलं सगळं रीडओन्ली होतं आणि कधीकधी त्यातून नवाच एरर निघतो.

‘ॲज एनी’ इथे महागात कसा पडतो ते मला एका ‘ईझ’ने, म्हणजे हालचालीच्या वेगाचा चढउतार ठरवणाऱ्या प्रॉपर्टीने, शिकवलं. मी सीएसएसच्या सवयीने ‘ईझ-इन-आउट’ असं जोडरेघा देऊन लिहिलं होतं. मोशनमध्ये तेच नाव कॅमलकेसमध्ये, मधे रेघा न देता, ‘ईझइनआउट’ असं एकसलग लिहावं लागतं. ऑब्जेक्ट बाहेर काढलेला होता, त्यामुळे एररमध्ये माझा शब्द दिसलाच नाही, नुसतं ‘स्ट्रिंग’ दिसलं. मला वाटलं, नेहमीचाच सैल टाइप आहे, आणि मी ‘ॲज एनी’ लावून पुढे गेलो. एरर गेला, चुकीचं नाव तसंच राहिलं, आणि लायब्ररीला ते ओळखता येईना. मग मी दुपारभर ड्युरेशन, डिले, पॅरेंटचे व्हेरिएंट्स सगळं उलटंपालटं करून पाहिलं. शेवटी ‘ॲज एनी’ काढून तिथे ‘ॲज कॉन्स्ट’ ठेवलं, तेव्हा एररचा मजकूर बदलला आणि अवतरणचिन्हांत माझाच जोडरेघांचा शब्द समोर आला. त्या दोन रेघा पुसायला दोन सेकंद लागले.

चार आकड्यांचा ॲरे

ईझ म्हणून क्युबिक बेझिअर द्यायचा तर चार आकडे द्यावे लागतात. ०.२२, १, ०.३६, १ असा ॲरे बाहेरच्या कॉन्स्टमध्ये ठेवला की कंपायलर त्याला ‘आकड्यांचा ॲरे’ म्हणतो. किती आकडे, याची नोंद तो ठेवत नाही. लायब्ररीला बरोबर चार आकड्यांचा टपल, म्हणजे ठरलेल्या लांबीचा ॲरे, हवा असतो. ‘ॲज कॉन्स्ट’ने टपल होतो, पण रीडओन्ली होतो. तुमच्या व्हर्जनमधला टाइप रीडओन्ली स्वीकारत नसेल, तर एररमध्ये ‘रीडओन्ली’ आणि ‘म्यूटेबल’ हे शब्द दिसतील. तेव्हा चौकोनी कंसात चार वेळा ‘नंबर’ लिहून कॉन्स्टला स्वतःच टाइप द्या.

बटणाचं रॅपर लिहिताना

टीमसाठी एक सामायिक बटण करायचं असतं. आपण सवयीप्रमाणे रिॲक्टचे ‘बटणएचटीएमएलॲट्रिब्यूट्स’ घेतो, आलेले सगळे प्रॉप्स ‘मोशन.बटण’वर स्प्रेड करतो, आणि एरर येतो: ‘ऑनड्रॅग’चे टाइप जुळत नाहीत. वैताग असा की बटण ड्रॅग करायचा आपला विचारही नसतो.

त्याचं कारण असं. काही नावं रिॲक्ट आणि मोशन दोघांकडेही आहेत, पण अर्थ वेगवेगळे: ऑनड्रॅग, ऑनड्रॅगस्टार्ट, ऑनड्रॅगएंड आणि ऑनॲनिमेशनस्टार्ट. रिॲक्टचा ऑनड्रॅग म्हणजे ब्राउझरचा मूळ ड्रॅग इव्हेंट. मोशनचा ऑनड्रॅग पॉइंटरच्या हालचालीवर चालतो आणि दुसरा पॅरामीटर म्हणून ‘इन्फो’ देतो, त्यात ऑफसेट आणि व्हेलॉसिटी असतात. एका जातीचा हँडलर दुसऱ्या जागी बसवलात तर तो चुकीचाच चालेल. म्हणजे इथे कंपायलरचं म्हणणं खरं आहे.

प्रॉप्सचा टाइप ‘एचटीएमएलमोशनप्रॉप्स’ घ्या आणि टोकदार कंसात ‘बटण’ लिहा. हे प्रकरण एवढ्यावर मिटतं. ही चार नावं ‘ओमिट’ने वगळण्याचा मार्गही लोक वापरतात आणि तो चालतो, पण मग स्टाइलचं भांडण उरू शकतं, कारण मोशनच्या स्टाइलमध्ये मोशन व्हॅल्यूही (ॲनिमेशनबरोबर बदलत राहणाऱ्या व्हॅल्यू) बसतात.

टाइप बदलल्यावर एक नवा एरर येऊ शकतो. त्याने घाबरू नका. मोशनच्या टाइपमध्ये ‘चिल्ड्रन’ म्हणून मोशन व्हॅल्यूसुद्धा देता येते, कारण मोशन.डिवच्या आत बदलता आकडा थेट दाखवायची सोय आहे. तुम्ही ते चिल्ड्रन आतल्या साध्या स्पॅनमध्ये ठेवलंत की स्पॅन म्हणतो, मला मोशन व्हॅल्यू चालत नाही. ‘चिल्ड्रन’ ओमिट करून स्वतःचं ‘रिॲक्टनोड’ लिहा.

ड्रॅगचा विषय निघालाच आहे तर एवढंही सांगतो: ऑनड्रॅगएंडचं फंक्शन जेएसएक्सच्या बाहेर लिहिलं की ७००६ येतो, म्हणजे पॅरामीटर नकळत ‘एनी’ झालाय. ‘पॅनइन्फो’ हा टाइप इम्पोर्ट करून दुसऱ्या पॅरामीटरला द्या.

मोशन व्हॅल्यू साध्या डिववर

यूजमोशनव्हॅल्यूने एक्स घेतला, स्टाइलमध्ये ठेवला आणि एरर आला, तर आधी टॅग बघा. तिथे ‘मोशन.डिव’ऐवजी साधा ‘डिव’ राहिलेला असतो. साध्या डिवला मोशन व्हॅल्यू म्हणजे एक अनोळखी ऑब्जेक्ट, ती बदलली तरी त्याला पत्ता लागत नाही. मधे ‘.गेट’ लावून आकडा काढून दिला तर एरर जातो, पण हालचालही जाते, कारण तो आकडा त्या एका रेंडरपुरताच असतो. टॅग बदला.

सुरुवातीची व्हॅल्यूही जपून द्या. ‘०%’ अशी स्ट्रिंग देऊन सुरू केलेल्या मोशन व्हॅल्यूचा टाइप स्ट्रिंग होतो, मग तिला सेट करताना ५० हा आकडा चालत नाही.

कोड बदलला नाही, तरी एरर आले

काल सगळं हिरवं होतं, आज पॅकेजेस अपडेट केली आणि चाळीस फाइल्स लाल. अशा वेळी फाइल्समध्ये शिरू नका, आधी व्हर्जन्स बघा. रिॲक्ट १९ डिसेंबर २०२४ मध्ये आलं आणि त्याच्या टाइप्समध्ये बरंच बदललं. जुनं फ्रेमर मोशन आणि रिॲक्ट १९चे टाइप्स एकत्र आले की मोशन.डिववर ‘क्लासनेम ही प्रॉपर्टीच नाही’ असा एरर यायचा. तो बघून माणूस चक्रावतो. तिथे कोडमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, लायब्ररी बाराव्या व्हर्जनवर न्यायची.

दुसरी जागा रेफची, म्हणजे पानावरच्या एलिमेंटकडे बोट दाखवणाऱ्या ऑब्जेक्टची. रिॲक्ट १९च्या टाइप्समध्ये ‘यूजरेफ’ला नल दिला की मिळणाऱ्या रेफच्या टाइपमध्ये ‘किंवा नल’ हे उघडपणे लिहिलेलं असतं. स्क्रोल किंवा इनव्ह्यूच्या हुकला रेफ देताना जुन्या लायब्ररीला हे ‘किंवा नल’ पटत नाही. इथेही अपडेट हाच सरळ इलाज. शिवाय यूजरेफ आता रिकाम्या कंसांनी चालत नाही, एक आर्ग्युमेंट द्यावंच लागतं.

हे करूनही सुटलं नाही तर ‘एनपीएम एलएस’ने रिॲक्टच्या टाइप्सच्या पॅकेजच्या किती प्रती आल्यात ते पाहा. दोन व्हर्जन्स शेजारी शेजारी बसलेली असतील, तर एरर असा वाचायला मिळतो की ‘रिॲक्टनोड’ हा ‘रिॲक्टनोड’मध्ये बसत नाही. दोन्हीकडे नाव एकच दिसलं की पहिला संशय याच्यावर घ्या.

आणि मॉड्यूलच सापडत नाही असा २३०७ आला, तर टीएसकॉन्फिगमधलं ‘मॉड्यूलरिझोल्युशन’ तपासा. जुनी ‘नोड’ पद्धत पॅकेजमधला ‘एक्सपोर्ट्स’ भाग वाचत नाही. बंडलर वापरत असाल तर तिथे ‘बंडलर’ लिहा. ही व्हॅल्यू टाइपस्क्रिप्ट ५.० पासून आहे.

स्वतःचा कंपोनंट हलवताना

‘मोशन’ला फंक्शनसारखं बोलावून त्यात कंपोनंट देण्याची पद्धत जुनी झाली, आता ‘मोशन.क्रिएट’ वापरा. तुमच्या कंपोनंटने रेफ आतल्या खऱ्या एलिमेंटपर्यंत पोचवला पाहिजे. रिॲक्ट १८ मध्ये त्यासाठी फॉरवर्डरेफ लागतो, १९ मध्ये रेफ साधा प्रॉप म्हणून मिळतो. आणि मोशन.क्रिएट कंपोनंटच्या बाहेरच बोलवा. आत बोलावलंत तर प्रत्येक रेंडरला नवा कंपोनंट तयार होतो आणि ॲनिमेशन दरवेळी पहिल्यापासून सुरू होतं. टाइपस्क्रिप्ट याबद्दल काहीच बोलत नाही.

जीसॅप वापरत असाल तर

तिसऱ्या व्हर्जनपासून जीसॅप स्वतःचे टाइप्स सोबत आणतं. जुन्या प्रोजेक्टमध्ये वेगळं टाइप्सचं पॅकेज पडून असेल तर काढून टाका, दोन्हींची टक्कर होते. ‘टूॲरे’ला सिलेक्टर दिला की आतल्या वस्तूंचा टाइप ‘अननोन’ येतो, तिथे टोकदार कंसात ‘एचटीएमएलएलिमेंट’ लिहा. उलट टार्गेटच्या बाबतीत जीसॅपचे टाइप्स ढिले आहेत. नल दिला तरी कंपायलर गप्प बसतो, आणि टार्गेट सापडलं नाही ही सूचना ब्राउझरच्या कन्सोलमध्येच दिसते. तेव्हा रेफ वापरण्याआधी तो भरलाय का, ते स्वतः तपासायचं.

दाबावाच लागला तर

कधीकधी चूक खरोखर लायब्ररीच्या टाइप्समध्येच असते आणि रिलीज आजच असतं. तेव्हाही ‘ॲज एनी’ नको, आणि ‘टीएस-इग्नोअर’ही नको. त्या ओळीच्या वर ‘टीएस-एक्स्पेक्ट-एरर’ लिहा आणि पुढे कारण लिहून ठेवा. फरक असा की टीएस-इग्नोअर कायमचा गप्प राहतो. एक्स्पेक्ट-एरर मात्र खालचा एरर गेला की स्वतःच एरर होतो. लायब्ररीने पुढच्या व्हर्जनमध्ये टाइप दुरुस्त केला, तुम्ही अपडेट केलं, की त्याच बिल्डमध्ये २५७८ क्रमांकाचा एरर येतो आणि ती ओळ आता काढून टाकायची, हे कळतं.