स्टिअरिंगला पॅडल शिफ्टर बसवताय? या चुका टाळा

पॅडल शिफ्टर म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत हात न सोडता गिअर वर-खाली करण्यासाठी स्टिअरिंगच्या मागे असलेल्या दोन पट्ट्या. नवे पॅडल बसवले आणि गिअर बदलेना, की पहिला दोष पॅडललाच दिला जातो. पण पॅडल हा मुळात दाबला की जुळणारा आणि सोडला की सुटणारा साधा स्विच. त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. घोटाळा असतो तो पॅडलपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या वाटेवर: टेपखाली, क्लॉक स्प्रिंगमध्ये (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी), नाहीतर कोडिंगमध्ये (गाडीच्या कंट्रोलरमधली नोंद). इथे चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्या उदाहरणादाखल घेतल्या आहेत, कारण या कामाचे दोन्ही प्रकार त्यांच्यावर पाहायला मिळतात.

दोन वेगळी कामे एक समजणे

व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाक यांच्या ऑटोमॅटिकच्या वरच्या आवृत्त्यांत कंपनीचे छोटे पॅडल असतातच. त्यांच्यावर ॲल्युमिनियमचे किंवा कार्बन फायबरचे मोठे पान चढवायचे, हे पहिले काम. त्यात एकाही वायरला हात लागत नाही. दुसरे काम पॅडल नसलेल्या गाडीचे. २०१३ साली भारतात आलेली पोलो जीटी टीएसआय घ्या: सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता, पण स्टिअरिंगवर पॅडल नव्हते. तिथे एअरबॅग उतरवावी लागते, स्टिअरिंगचे मॉड्युल (बटणांचे सिग्नल पुढे पाठवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि वायरिंग बदलावे लागते आणि शेवटी स्कॅनर लावून कोडिंग करावे लागते. पहिल्याचे सामान आणून दुसरे काम होईल ही अपेक्षा म्हणजे सगळ्यात महागात पडणारी चूक.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत पॅडल नुसती शोभा. ज्या ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोडच (गिअर स्वतः बदलायची सोय) नाही, तिथेही तेच.

चिकटवताना होणाऱ्या चुका

कंपनीच्या पॅडलवर हाताचा तेलकटपणा असतो आणि बहुतेक वेळा डॅशबोर्ड पॉलिशचा थरही. त्यावर टेप लावली की पहिल्या उन्हात ती सरकते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे निम्मे घेऊन पृष्ठभाग पुसा, पूर्ण सुकू द्या आणि पुन्हा बोट लावू नका. पेट्रोल किंवा थिनर वापरला तर प्लास्टिकवर पांढरे डाग पडतात.

टेप ॲक्रिलिक फोमची, व्हीएचबी (फार घट्ट धरणाऱ्या) जातीची घ्या; स्टेशनरीच्या दुकानातली दुहेरी टेप इथे टिकत नाही. बसवल्यावर प्रत्येक भागावर अंगठ्याने १५ ते २० सेकंद जोर द्या. साधारण खोलीच्या तापमानाला ही टेप २० मिनिटांत निम्मी, २४ तासांत सुमारे ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण ताकद धरते. म्हणून पहिले तीन दिवस पॅडल ओढू नका. संध्याकाळी बसवून लगेच घाटात गाडी काढली, तर पान हातात येणारच, आणि तेही वळणावर.

काही पाने बारीक, डोके नसलेल्या ग्रब स्क्रूने कंपनीच्या पॅडलवर आवळतात. ॲलन की बोटांच्या चिमटीत धरून बसेल तेवढेच आवळा. त्यापुढे अर्धा फेरा दिला तरी आतले प्लास्टिक तडकते.

न ओढलेले पॅडल ओढलेले राहणे

या चुकीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे. गाडी डी (ड्राइव्ह) मध्ये असते, पॅडलला कोणी हात लावलेला नसतो, तरी मीटरवर एम (मॅन्युअल) दिसतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते. लगेच गिअरबॉक्स खराब झाल्याचे निदान होते. खरे कारण बहुधा मिलिमीटरभर जागेचे असते: पान तिरके बसल्याने त्याची कड स्टिअरिंगच्या आऱ्याला टेकते आणि आतला स्विच अर्धवट दाबलेला राहतो. दुसरे कारण वजनाचे. लांब, जाड ॲल्युमिनियमचे पान खड्ड्यात हिंदकळते आणि तेवढ्यानेही स्विच जुळतो.

म्हणून टेपचा कागद काढण्याआधी पान कोरडेच लावून पाहा. ते आणि आरा यांच्यात पूर्ण हालचालीत कागदाची दुहेरी घडी सहज सरकली पाहिजे. सोडल्यावर पॅडल टक्कन परत आले पाहिजे. रेंगाळले तर पान जड आहे किंवा घासते आहे. खराब रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला हलके आणि आखूड पान घ्यावे.

दांड्यांची जागाही तेव्हाच तपासा. इंडिकेटरची दांडी वर, खाली आणि अप्पर डिपर मारताना स्वतःकडे ओढून पाहा. वायपरची दांडीही तशीच. एका हाताने पॅडल ओढलेले असताना हे करा, कारण नुसते पाहिले तर जागा पुरेशी वाटते आणि ओढल्यावर दोन्ही एकमेकांना भिडतात. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवूनही तपासा.

एअरबॅग उतरवताना

पॅडल नसलेल्या गाडीच्या कामात इथे चुकीला जागा नाही. इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि किमान दहा मिनिटे थांबा. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधले कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही काही वेळ भारलेले असतात. एअरबॅगच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावू नका. मीटरचा तपासणीचा करंटही धोक्याचा ठरू शकतो. उतरवलेली एअरबॅग कव्हर वर ठेवून सपाट जागी ठेवा. ती सुटी असताना इग्निशन चालू केले की फॉल्ट नोंदला जातो आणि दिवा पेटतो.

दिवा विझवायला एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून देणारेही भेटतात. दिवा विझतो, अपघातात एअरबॅग उघडत नाही. कोणत्याही कारणाने हे करू देऊ नका. भंगारातले स्टिअरिंग एअरबॅगसकट मिळत असेल तर तुमची जुनी एअरबॅग त्यात बसते का आणि कनेक्टर एक की दोन, हे आधी जुळवा.

मधला बोल्ट बारा टोकांच्या स्प्लाइन बिटनेच खोला. टॉर्क्स किंवा ॲलन घुसवला की डोके गोल होते. खोलण्याआधी चाके सरळ करा, शाफ्ट आणि स्टिअरिंग यांवर मार्करने एकच रेघ ओढा आणि स्टिअरिंग निघताच क्लॉक स्प्रिंगला टेप लावून ती फिरणार नाही असे करा. तिच्यातली चपटी पट्टी मोजक्याच फेऱ्यांची असते. मध्यावरून सरकलेली स्प्रिंग तशीच बसवली, तर पूर्ण वळण घेताना पट्टी तुटते आणि हॉर्न, बटणे, पॅडल आणि एअरबॅग एकदमच जातात. परत आवळताना टॉर्क पाना वापरा, आकडा त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला घ्या आणि मॅन्युअल सांगत असेल तर बोल्ट नवा टाका.

वायर आणि कोडिंग

गिअर लिव्हरच्या प्लस-मायनस वायरीला पॅडल समांतर जोडायचा सल्ला डीएसजीवर चालत नाही. या लिव्हरमध्ये साधे संपर्क नसून सेन्सर असतात आणि त्यांचा निरोप कॅन बसवरून (गाडीतल्या कंट्रोलरांना जोडणाऱ्या सामाईक वायरींवरून) जातो. पॅडलचा सिग्नल स्टिअरिंगमधल्या मॉड्युलला, तिथून कॉलम इलेक्ट्रॉनिक्सला आणि मग गिअरबॉक्सला पोहोचतो. म्हणून मॉड्युल पॅडल ओळखणारेच हवे, आणि स्कॅनरमध्ये १६ क्रमांकाच्या स्टिअरिंग कंट्रोलरला पॅडल असल्याचे कोडिंगमध्ये सांगावे लागते. जुने कोडिंग आधी लिहून ठेवा.

जोड आवळून किंवा सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. काळी पीव्हीसी टेप उन्हात चिकट होऊन सुटते. वायरिंगची कापडी टेप घ्या. वायर हॉर्नच्या स्प्रिंगखाली आली तर वळताना हॉर्न आपोआप वाजतो.

लक्षणावरून दोष

दोन्ही पॅडल मृत, बाकी बटणे ठीक: कोडिंग किंवा मॉड्युल. एकच मृत: त्या बाजूची वायर किंवा स्विच. प्लस ओढल्यावर गिअर खाली येतो: वायरी उलट्या; प्लस उजवीकडे असतो. स्टिअरिंग ठरावीक कोनात असतानाच पॅडल चालते: क्लॉक स्प्रिंग, आणि अशी गाडी दुरुस्तीपर्यंत चालवू नका, कारण एअरबॅगचा तोच मार्ग आहे. गाडी सरळ पण स्टिअरिंग तिरके: शाफ्टवर बसवताना एक दाता चुकला. बॅटरी जोडल्यावर ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर थोडे अंतर सरळ चालवल्यावर तो विझतो. विझलाच नाही तर स्टिअरिंग अँगल सेन्सरचे बेसिक सेटिंग करून घ्या.