रेडिएटरचा फॅन, बॉडीची अर्थ आणि यवतेश्वर घाटातली माझी फजिती

रिले म्हणजे काय, फ्यूज कशाला लागतो, हे इथं सांगत बसत नाही. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा 2 वर्षांचा ट्रेड केला असेल किंवा सहा महिने एखाद्या गॅरेजात पान्हे पुसत काढले असतील, तर तेवढं येतंच. हे लिहितोय ते जुन्या गाडीला पहिल्यांदाच इलेक्ट्रिक फॅन बसवायला घेतलेल्या पोरांसाठी. माझा पहिला फॅन 2022 च्या सप्टेंबरात बसवला. त्याची आठवण निघाली की अजून कान गरम होतात.

गाडी होती एका आण्णांची. जुनी डिझेल जीप, आधी वडापला, म्हणजे सीटवर पैसे घेऊन माणसं भरायला चालायची, आता सीझनला पर्यटक घेऊन साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जायची. मूळची सांगलीकडची. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा ही चार दिवस पाण्यात उभी होती. आण्णांनी स्वस्तात उचलली, पुट्टी-रंग मारून उभी केली. पट्ट्यावर फिरणारा मूळचा पंखा काढून इलेक्ट्रिक फॅन बसवायचा हट्ट त्यांचाच. कुणीतरी सांगितलं होतं की अ‍ॅव्हरेज वाढतं. माझं मत विचाराल तर, पट्ट्याचा पंखा ठणठणीत असेल आणि गाडी घाटात भरून चालत असेल, तर त्याला हात लावू नका. तो पंखा आवाज करतो, थोडी ताकद खातो, पण त्याला ना रिले लागतो, म्हणजे फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, ना अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसला करंट परत जायची वाट. पण गिऱ्हाईक ऐकत नसतं, आणि मलाही नवीन काम करून बघायची खाज होतीच.

काम मी झकास केलं होतं, असं मला वाटत होतं. बारा इंची फॅन, पूर्ण व्होल्टेजला साधारण 10 अँपिअर खाणारा. रेडिएटरच्या मागं, इंजिनाच्या बाजूला, म्हणजे हवा ओढणारा. पुढून ढकलणारा फॅन मला आवडत नाही, तो जाळीपुढं उभा राहून येणारी हवाच अडवतो. पट्ट्या वाकवून, रबर लावून स्टँड केला. फॅनबरोबर प्लास्टिकच्या काड्या येतात, त्या जाळीतून आरपार घालायच्या आणि मागून टोप्या दाबायच्या, दहा मिनिटांत काम खलास. ते करू नका. गाडी हादरते, काडी घासते आणि एक दिवस नळी कापली जाते. या शॉर्टकटनं गळालेले रेडिएटर मी तीन बघितलेत.

रिले 40 अँपिअरचा. त्याच्या 30 नंबरच्या पायाला बॅटरीची प्लस, मध्ये 20 चा पिवळा फ्यूज. 87 वरून फॅनला. 86 ला इग्निशन, 85 थर्मोस्विचमधून, म्हणजे पाणी तापलं की आपोआप लागणाऱ्या स्विचमधून, अर्थला. स्विच 92 डिग्रीला लागणारा, 87 डिग्रीला सुटणारा. हे सगळं बरोबर होतं. पाच पायांचा रिले घेतला असेल तर मधल्या 87ए पायावर वायर खोचू नका, उलटा कारभार होईल: रिले बंद असताना फॅन चालू आणि चालू झाला की बंद. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच पाहिजे. फॅनपाशी फ्यूज लावून ठेवणारे महाभाग आहेत. मधली चार फूट वायर कुठं घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं कुणी नसतं. बाकी वायर बहुपदरी ऑटो केबलच वापरा, निदान 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची. घरात ओढून उरलेली वायर बॉनेटखाली नको.

मग अर्थ. फॅनची काळी वायर मी रेडिएटरच्या वरच्या आडव्या पत्र्यावर बोल्टला मारली. वायरीच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टात बसणारी धातूची कडी लावली, दाबून क्रिंप केली, वॉशर टाकला. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडलासुद्धा. आता यात चूक कुठं आहे?

त्याआधी मी तपासलं कसं ते सांगतो, कारण फसलो तिथंच. फॅनचा कनेक्टर काढला, रिले चालू केला आणि कनेक्टरच्या दोन पिनांना मीटर लावला. 12.6 व्होल्ट. बॅटरीवर लावला. 12.6. एक पॉइंटसुद्धा कमी नाही! मी खूश. कनेक्टर बसवला, फॅन घुमला, पुढून वर्तमानपत्राचा कागद धरला तर तो जाळीला चिकटला. म्हणजे दिशाही बरोबर. आण्णांना फोन केला, घेऊन जावा म्हणून.

चार दिवस गाडी गावात आणि हायवेवर फिरली. काही नाही. हायवेला समोरून वाराच इतका येतो की फॅन नसला तरी चालतं. रविवारी आण्णा दहा माणसं भरून कासला निघाले. मी फुकटात फुलं बघायला मिळतील म्हणून मागं लटकलो. 2012 ला कासला जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि सीझनच्या रविवारी त्या रस्त्यावर काय अवस्था असते ते सातारकरांना सांगायला नको. यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग. पहिला गिअर, दहा फूट पुढं, ब्रेक. पुन्हा दहा फूट. वारा शून्य. टेंपरेचरचा काटा मधून उजवीकडं सरकायला लागला तेव्हा मी मनातल्या मनात म्हणतोय, लागेल आता फॅन, लागेल. फॅन लागलेलाच होता. दुसऱ्या वळणावर गाडीनं पाणी फेकलं.

माणसं उतरून कठड्याला टेकली. एका बाईनं पदरानं पोराला वारा घालता घालता माझ्याकडं बघितलं. आण्णा बॉनेट उघडून उभे. फॅन गरगर फिरतोय. आण्णा म्हणाले, "काय रं, नवा फॅन म्हनला हुतास न्हवं?" मी काय बोलणार. कॅपला हात घालणार तेवढ्यात त्यांनीच मनगट धरलं. तापलेल्या रेडिएटरची कॅप कधीही उघडायची नाही हे मला माहीत होतं, पण घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलंही आठवत नाही. कॅपच्या दाबामुळं आतलं पाणी 100 च्या वर जाऊनसुद्धा उकळत नाही. दाब सुटला की एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा तास थांबा. गिऱ्हाईक ओरडलं तरी थांबा.

नशीब, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना मिस्त्रींपुढं उभी केली. पोवई नाक्याच्या अलीकडं आमचं गॅरेज, मिस्त्री साठीचे, शाळा सातवीपर्यंत. मी रात्रभर विचार करून ठेवला होता: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं न सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला असणार, वॉटर पंप गेला असणार, फॅन डुप्लिकेट असणार. थर्मोस्टॅट काढून टाकू का, असंही विचारलं. मिस्त्री नुसते हसले. आपल्याकडं गाडी तापली की पहिला थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत आहे. त्यानं दुखणं झाकलं जातं, इंजिन थंड चालतं, डिझेल जास्त खातं. माझ्या हाताखालच्या पोरानं विचारल्याशिवाय थर्मोस्टॅट काढला तर मी त्याला त्या दिवशी घरी पाठवतो.

मी कनेक्टर काढून मिस्त्रींना 12.6 दाखवला. ते म्हणाले, "बंद नळाचं प्रेशर काय बघतोस? कॉक सोड की."

हे वाक्य मला कळायला आठवडा लागला, म्हणून जरा विस्कटून सांगतो. शेतातली पाइपलाइन डोळ्यांपुढं आणा. मोटर चालू, शेवटचा कॉक बंद. मध्ये कुठं पाइपात माती बसून भोक करंगळीएवढं राहिलंय. शेवटच्या टोकाला प्रेशर मोजलं तर पूर्ण येणार, कारण पाणी वाहतच नाहीये. कॉक सोडला की कळतं, धार मुतल्यासारखी. वायरिंगचंही तसंच. मीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही. गंजलेल्या जोडातूनसुद्धा मीटरपुरता करंट आरामात जातो आणि आकडा 12.6 येतो. जोडावर व्होल्टेज पडायचं तर त्यातून खरा करंट जायला लागतो. त्यामुळं कनेक्टर काढून घेतलेलं रीडिंग फक्त वायर कुठं तुटलेली नाही एवढंच सांगतं. फॅनला काय मिळतंय ते सांगत नाही.

मिस्त्रींनी कनेक्टर बसवायला लावला, इंजिन चालू करून थर्मोस्विच बायपास केला. फॅन फिरता ठेवून मीटर. बॅटरीवर 13.6. फॅनच्या पिनांवर, मागून टोकं खुपसून, 9.4. मी दोनदा बघितलं. मग बॅटरीच्या प्लसपासून फॅनच्या प्लसपर्यंत मीटर लावला: 0.3. ठीक. बॅटरीच्या मायनसपासून फॅनच्या मायनसपर्यंत: 3.9. नुसत्या अर्थच्या वाटेत जवळजवळ चार व्होल्ट गायब. फॅन फिरत होता, पण दमेकऱ्यासारखा. 10 खाणारा फॅन क्लॅम्प मीटरवर 6 अँपिअर दाखवत होता.

माझा बोल्ट चांगलाच होता. पण तो ज्या पत्र्यावर होता तो पत्रा चॅसीला चार नटांनी जोडलेला, खाली रबर पॅकिंग, आणि पुराच्या पाण्यानं त्या जोडात आतून गंज धरलेला. वरून पुट्टी आणि चकचकीत रंग. मी माझ्या बोल्टखालचा रंग खरवडला, पण करंटला पुढं बॅटरीच्या मायनसपर्यंत जायचं होतं, आणि ती वाट मी बघितलीच नव्हती.

मिस्त्रींनी मीटर बाजूला ठेवला आणि म्हणाले, त्या खालच्या नटाला हात लाव. इंजिन सुरू होऊन पाच मिनिटं झालेली, रेडिएटर अजून कोमट. नटाला बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. चटका बसला. हिशोब नंतर घरी मांडला: 3.9 गुणिले 6, म्हणजे 23 वॉटच्या आसपास. इंडिकेटरचा बल्ब 21 वॉटचा असतो. तेवढी उष्णता त्या गंजलेल्या जोडात कोंडली जात होती, आणि आम्ही गाडी का तापते म्हणून पुढं फॅन लावून बसलो होतो.

इलाज वीस मिनिटांचा. 4 स्क्वेअरची काळी वायर फॅनपासून थेट बॅटरीच्या मायनसला. दोन्हीकडं लग, क्रिंप, वर थोडं व्हॅसलीन. इंजिन ते चॅसीची जुनी अर्थची पट्टीही बदलली. पुन्हा मीटर: अर्थकडं 0.1, फॅनवर 13.2. फॅनचा आवाजच बदलला. आधी जो मला "मस्त सायलेंट फॅन" वाटत होता, तो सायलेंट नव्हता, उपाशी होता.

तर चालू फॅनवर मोजा. बॅटरी ते फॅन, प्लसची बाजू वेगळी, मायनसची बाजू वेगळी. कुठल्याही एका बाजूला 0.3 च्या वर गेलं तर जोड शोधा. मीटर नसेल तर मिस्त्रींची युक्ती वापरा: जुना हेडलाइटचा 60/55 वॉटचा बल्ब, दोन्ही फिलामेंट एकत्र जोडून टेस्ट लॅम्प करायचा. तो 9 अँपिअरच्या वर ओढतो, म्हणजे जवळपास फॅनएवढाच. फॅनच्या जागी तो लावा, पिवळट पेटला तर वाटेत घाण आहे. बाजारात मिळणारा पेनासारखा टेस्टर इथं उपयोगाचा नाही, त्याचा बारका बल्ब गंजलेल्या अर्थवरही हसत पेटतो. हेडलाइटचा बल्ब मात्र हातात धरू नका, भाजतो. मी धरला होता.

अजून एक, हे रागानं सांगतोय. इग्निशन चालू असलेल्या गरम गाडीत फॅनच्या पात्याजवळ बोट नेऊ नका. फॅन थांबलाय म्हणजे बंद आहे असं नसतं, स्विचला 92 लागले की तो न सांगता फिरतो. बाही गुंडाळा, गळ्यातला मफलर काढा. कुणी 86 थेट बॅटरीवर घेतला असेल तर चावी काढल्यावरही फिरेल, म्हणून दुसऱ्यानं केलेल्या वायरिंगमध्ये हात घालताना आधी बॅटरीची मायनस सोडा.

नवीन पोरं विचारतात, मोबाइलवर बघून शिकू का? बघा की. मीही बघतो. पण व्हिडिओतली गाडी कधी पुरात बुडालेली नसते. मिस्त्री निवडताना एवढंच बघा की तो तुमच्या हातात मीटर देतो का. शिव्या देत असला तरी चालेल. वर्षभर नुसता चहा आणायला पाठवणाऱ्याकडं थांबू नका, मग तो कितीही गोड बोलू दे. आमच्या मिस्त्रींनी त्या दिवशी मला एक शिवी दिली नाही, आण्णांच्या कामाचे पैसे मात्र माझ्या पगारातून कापले. वाईट वाटलं. आता वाटतं, स्वस्तात सुटलो. आणि तुमचाही एखादा रिले जळेल, एखादा फ्यूज चार वेळा उडेल, तेवढ्यानं हे काम आपलं नाही असं समजू नका. जळक्या रिलेचा वास आमच्या गॅरेजात सगळ्यांना ओळखीचा आहे.

तेव्हापासून मी बसवलेल्या प्रत्येक फॅनच्या वर, बॉनेटच्या आतल्या बाजूला, पेंट मार्करनं दोन आकडे लिहितो: प्लसकडचा आणि अर्थकडचा, फॅन चालू असताना घेतलेले, खाली तारीख. गेल्या पावसाळ्यानंतर आण्णांची जीप सर्व्हिसिंगला आली तेव्हा अर्थकडं 0.1 चे 0.2 झाले होते. बॅटरीवरचा लग सोडला, हिरवी बुरशी धरली होती, घासून परत बसवला. आण्णा शेजारी उभे होते. म्हणाले, "बरूबर हाय न्हवं? रविवारी कासला जायाचंय." मी म्हटलं, जावा. बरोबर मला नाही बोलावलं.