मॅडम, एकच विचारायचं होतं

विट्याच्या कोर्टात वकिली करून मला बावीस वर्षं झाली. या काळात सर्वांत जास्त कायदेशीर सल्ला मी लग्नाच्या पंगतीत दिलाय. शेजारच्या ताटावरचे काका वाकून म्हणतात, "मॅडम, एकच विचारायचं होतं," आणि ताक येईपर्यंत भावकीच्या तीन पिढ्या पानात येऊन बसतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहूनच काढते.

चेक परत आला

आमच्या भागात हा प्रश्न द्राक्षाचा हंगाम सरला की सुरू होतो. मागे एक आप्पा आले होते. बाहेरच्या व्यापाऱ्याला माल दिला, त्यानं ३ लाख ४० हजारांचा चेक दिला. चेकवर तारीख ५ मार्च. १२ मार्चला तो बँकेतून परत आला. आप्पा माझ्याकडे आले २० एप्रिलला.

"इतके दिवस काय केलंत?"

"ताई, तो रोज फोन उचलायचा की. आज टाकतो, उद्या टाकतो. माणूस बोलतोय म्हटल्यावर नोटीस कशी द्यायची?"

लोक इथंच फसतात. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम, घड्याळावर चालतं. चेक वटला नाही हे बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात. त्यानं नाही दिले, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार दाखल करायची. तक्रारीला थोडा उशीर झाला तर कारण सांगून कोर्टाकडे माफी मागता येते. नोटिशीच्या उशिराला माफी नाही. गोड बोलणारा कर्जदार नेमके हेच ३० दिवस बोलण्यात घालवतो.

आप्पांचं नशीब असं की चेक तीन महिने चालतो, आणि त्या मुदतीत तो पुन्हा बँकेत भरता येतो. आम्ही दुसऱ्या दिवशीच भरला. २४ एप्रिलला परत आला, नवा रिटर्न मेमो, म्हणजे चेक वटला नाही अशी बँकेची चिठ्ठी, मिळाला, २६ तारखेला नोटीस गेली. ते जूनच्या मध्यावर आले असते तर १३८ विसरा आणि तीन वर्षांच्या आत वसुलीचा दिवाणी दावा लावा, एवढंच मी सांगू शकले असते.

नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. पाकीट "घेतले नाही" असा शेरा मारून परत आलं तरी पत्ता बरोबर असेल तर नोटीस पोहोचली असं कोर्ट धरतं, तेव्हा ते पाकीट फोडू नका. नोटिशीतली मागणी चेकच्या रकमेची, आकड्याला आकडा जुळणारी हवी. व्याज, गाडीभाडं, वकिलाची फी मागायची तर वेगळी लिहा, रकमेत मिसळू नका. "खातं बंद" किंवा "पेमेंट थांबवा" अशा शेऱ्यानं चेक परत आला तरी केस होते. आणि व्यापारी दूरच्या राज्यातला असला तरी तिकडं जावं लागत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात तक्रार चालते. आप्पांचं प्रकरण शेवटी लोकअदालतीत मिटलं. सगळे पैसे आले नाहीत, बरेच आले.

हीच गोष्ट उलट बाजूनंही ऐका. पतसंस्थेला, सावकाराला, मेहुण्याला कोरा सही केलेला चेक देणारे माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतात. "रक्कम त्यांनी भरली, अक्षर माझं नाही" या बचावात फारसा दम नाही. सही तुमची आहे ना, मग तो चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा गृहीत धरतो आणि तसं नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. कर्ज फिटलं की पहिल्यांदा चेक परत मागा, पेढे नंतर.

वडील गेले, सातबाऱ्यावर नाव कसं लावायचं? आणि बहिणीचं लावायचं का?

दुसरा प्रश्न पुरुष हळू आवाजात विचारतात.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा. फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला जातो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. कुणी हरकत घेतली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. निकाल पटला नाही तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील, मुदत ६० दिवस.

दुसऱ्याचं उत्तर त्याहून सोपं आहे, पण ऐकायला कुणी तयार नसतं. हो, लावायचं. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच जन्मानं हिस्सेदार आहे. महाराष्ट्रानं तर १९९४ सालीच, त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरता, हा हक्क दिला होता. २००५ ला वडील हयात असायलाच हवे होते का, यावर पुष्कळ वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला: तशी गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री उकरता येत नाही.

आमच्याकडच्या निम्म्या घरांतला एक तरी भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात लांबच्या कुठल्यातरी शहरात असतो. तो गावच्या जत्रेला चार दिवस येतो आणि त्या चार दिवसांत बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधक कार्यालयात न्यायचं ठरतं. "नुसती सही आहे गं, सातबारा साफ करायचाय." अक्का, ती नुसती सही नसते. ते हक्कसोडपत्र असतं. एकदा नोंदणी झाली की "मला कळलं नव्हतं" म्हणून ते आपोआप रद्द होत नाही. दिवाणी कोर्टात फसवणूक सिद्ध करावी लागते आणि त्यालाही मुदत आहे. माहेर तुटायला नको म्हणून राजीखुशीनं सोडायचं असेल तर खुशाल सोडा, तो तुमचा अधिकार आहे. पण दस्ताचा मसुदा दोन दिवस आधी घरी मागवा, गट नंबर वाचा, आणि घराची जागाही त्यात घातली आहे का ते बघा. बऱ्याचदा घातलेली असते.

भावांनाही सांगते. नोटरीसमोर केलेलं हक्कसोडपत्र कपाटात ठेवून निर्धास्त होऊ नका, नोंदणी नसेल तर त्यानं हक्क सुटत नाही. बहिणींची नावं वगळून फेरफार करून घेतला असेल तरी तिचा हिस्सा गेला असं होत नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकी ठरवायला दिवाणी कोर्ट आहे. त्या सातबाऱ्यावर विश्वासून जमीन घेणाऱ्याची पुढं जी वरात निघते, ती मी दोनदा पाहिली आहे.

पाचशेचा स्टॅम्प आणू का?

उत्पन्न, जात, रहिवास असल्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात जे प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्याला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. तरी कुणीतरी खिडकीतून "स्टॅम्पवर आणा" म्हणतं आणि माणूस गपगुमान रांगेत उभा राहतो. २०२४ च्या ऑक्टोबरात शंभराचा स्टॅम्प जाऊन पाचशेचा आला, तेव्हापासून ही रांग आणखी महाग झाली आहे.

पोरानं पुण्यात फ्लॅट घेतलाय, भाड्यानं द्यायचाय

"अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही" हे डोक्यातून काढा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते आधी खरं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं काम तुमचं. नोंदणी ऑनलाइन, घरी बसून होते. करार असेल आणि मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि करारात ठरलेल्या रकमेच्या दुपटीनं भरपाई मागता येते.

पोलीस तक्रार घेत नाहीत

आधी बघा, हातात काय दिलंय. एनसी दिली असेल तर तो अदखलपात्र गुन्हा, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी, आणि त्याची प्रत तुम्हाला फुकट मिळते. नाहीच घेतला तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी कळवा, पोचपावती ठेवा, आणि मग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. पावती नसेल तर तिथं पहिला प्रश्न तोच येतो.

वकील परवडत नाही

स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील असं समजू नका, त्या यादीत मीही आहे.

पैसे देऊन वकील लावलात तरी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी मागा: फी किती आणि कशाकशाची ते कागदावर, आणि केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. द्राक्षवाल्या आप्पांनी तो नंबर औषध फवारणीच्या वहीच्या पुठ्ठ्यावर खडूनं लिहिला होता. एका तारखेला मीच कोर्टात पोहोचायला उशीर केला, तर सकाळी साडेदहाला त्यांचा फोन: "ताई, बोर्डावर आपला नंबर सातवा हाय, निघालाय न्हवं?"