पैसे मोजूनही सॉफ्टवेअर अडतंय? या चुका टाळा

विकत घेतलेलं सॉफ्टवेअर ‘लायसन्स सापडत नाही’ म्हणून अडून बसलं की पहिला मोह क्रॅकचा, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवणाऱ्या फाइलचा, होतो. बिल खिशात आहे, मग चोरी कसली? चोरीचं राहू द्या. क्रॅकबरोबरच्या सूचनांमध्ये बहुतेक वेळा ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं लिहिलेलं असतं, आणि तिथंच हात आवरायचा.

त्याआधी कॉम्प्युटरचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ॲक्टिव्हेशन फसतं. डोंगल (लायसन्स साठवलेली यूएसबी किल्ली) असेल तर यूएसबी हबमधून काढून थेट पोर्टला लावा. निम्मी भांडणं इथंच मिटतात.

पण कंपनीनं नक्कल रोखायला घातलेलं कुलूप म्हणजे निर्धोक, असं समजणं हीसुद्धा चूकच. 2005 साली सोनी बीएमजीच्या काही ऑडिओ सीडींमधून ‘एक्ससीपी’ नावाचं कॉपी-संरक्षण लोकांच्या विंडोजमध्ये शिरलं. नावाच्या सुरुवातीला ठरावीक चिन्हं असलेली कुठलीही फाइल ते लपवायचं, मग ती कुणाचीही असो. व्हायरसवाल्यांना आयताच आडोसा मिळाला! विंडोजतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी हे ऑक्टोबरअखेर उघडकीला आणलं. ते हातानं उपटून काढलं तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. वेबवरून दिलेल्या पहिल्या अनइन्स्टॉलरनं तर नवंच भगदाड पाडलं. म्हणून कुलपाचा ड्रायव्हर (विंडोजच्या आत खोलवर चालणारा त्याचा भाग) फाइल डिलीट करून काढू नका. आधी बॅकअप घ्या, मग निर्मात्याचं अद्ययावत रिमूव्हल टूल शोधा.

जुन्या गेमवाल्यांची चूक वेगळी. सेफडिस्क या गेमच्या डिस्कवरच्या कुलपाचा ‘सेकड्राइव्ह’ हा ड्रायव्हर विंडोज एक्सपीसोबतच यायचा, त्यामुळे 2007 मध्ये त्यातली त्रुटी सापडली तेव्हा एकही गेम नसलेली मशीनही धोक्यात आली. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 मधून तो वगळला, आणि व्हिस्टा, 7, 8 मध्ये अपडेटनं बंद केला. गेमची डिस्क खरी असूनही गेम मात्र उघडेना. मग लोक ते अपडेटच काढून टाकतात. तसं करू नका. विंडोज 7-8 वर ड्रायव्हर खेळापुरता सुरू करता येतो, पण खेळून झाल्यावर आठवणीनं बंद करा. त्यापेक्षा तोच गेम गॉग (GOG) या ऑनलाइन गेम-दुकानात कुलपाविना मिळतो का, ते बघा.

आणि फॉरमॅट मारण्याआधी सॉफ्टवेअरचं लायसन्स डीॲक्टिव्हेट करा.