प्रत्येक लांब स्वर तंबोऱ्याचा नसतो: जुनं युरोपीय संगीत ऐकताना-वाजवताना या चुका टाळा

रागसंगीतावर कान पोसलेल्या माणसाला मध्ययुगीन युरोपीय संगीत पहिल्या फटक्यात ओळखीचं वाटतं, आणि घोळ तिथेच होतो.

पेरोतँ या मध्ययुगीन संगीतकाराचं 'विदेरुंत ओम्नेस' लावून बघा. पॅरिसच्या नोत्र दाम या चर्चमधली ही चार आवाजांची रचना ११९८ च्या सुमाराची. खाली एक स्वर धरून ठेवलेला, वर तीन आवाज एकमेकांत गुंतलेले. आपण खुशीत मान डोलावतो, अरे, हा तर तंबोरा! बऱ्याच वेळानं तो खालचा स्वर सरळ बदलतो आणि आपली बैठकच हलते. कारण तो षड्ज नव्हताच. जुन्या स्तोत्राच्या चालीतला एकेक स्वर ताणून इतका लांबवलेला असतो, की मूळ चाल ओळखूच येत नाही. हा आवाज म्हणजे टेनर. लॅटिनमधल्या 'धरणे' या क्रियापदावरून आलेला शब्द. मूळ स्तोत्र आधी नुसतं ऐका, दोन-चारदा गुणगुणा, मग पेरोतँकडे वळा. खालचा स्वर बदलण्याची वाट बघण्यातच मजा आहे.

पुढची चूक होते ती पालेस्त्रिना ऐकताना. १६ व्या शतकातल्या या इटालियन संगीतकाराच्या रचनांमध्ये आपण मुख्य गायक शोधतो आणि बाकीचे साथीला आहेत असं धरून चालतो. तिथे साथीला कुणीच नसतं. वरचा आवाज ऐकू येतो म्हणून तोच मालक, असं नाही. एकच तुकडा तीनदा ऐका आणि दर वेळी वेगळा आवाज पकडा, एकदा तरी अगदी खालचा.

'डोरियन म्हणजे काफी' हेही सर्रास ऐकू येतं. डोरियन हा जुन्या युरोपीय संगीतातला एक मोड, म्हणजे चाल बांधायचा स्वरांचा साचा. सप्तक जुळतं, कबूल. पण डोरियनमधला धैवत गाताना बरेचदा कोमल होतो, म्हणजे तुमच्या काफीचा मध्येच आसावरी थाट होतो! मोड ओळखायचा तो शेवटच्या स्वरावरून आणि चाल किती खाली-वर फिरते यावरून. पकड, वादी-संवादी घरी ठेवून या.

आता वाजवणाऱ्यांसाठी. रेकॉर्डर, म्हणजे युरोपातली उभी धरून फुंकायची बासरी, घेताना 'बरोक' बोटरचनेचाच घ्या. दुकानदार जर्मन बोटरचनेचा पुढे करतो, कारण त्यावर पहिली सुरावट सोपी जाते. पुढे तीव्र स्वर आले की रडू येतं. ही रचना विसाव्या शतकातली आहे, जुन्या वादकांनी ती पाहिलीही नव्हती.

सुझातो या प्रकाशकानं १५५१ मध्ये छापलेले नाच आम्ही चौघं वाजवायचो, तेव्हा सगळं कवायतीसारखं व्हायचं. कारण उशिरा कळलं. हल्लीच्या छापील प्रतीत प्रत्येक मात्रासमूहानंतर उभी रेघ असते आणि आपण रेघेनंतरच्या स्वरावर धपकन आघात देतो. मुळात प्रत्येक वादकापुढे फक्त त्याचीच ओळ असायची, रेघांशिवाय. आम्ही पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा केल्या, ओळ संपते तिथे, रेघ येते तिथे नव्हे. निम्मं काम तेवढ्यानं झालं.

उरलेलं निम्मं वेगळंच निघालं. ओळीच्या शेवटी कुणीतरी बेसूर वाटायचं आणि आम्ही चौघंही एकमेकांकडे बघायचो. डी हा सा धरला, तर सी हा कोमल नी. शेवटाला एक आवाज रे वरून सा वर उतरतो, दुसरा नी वरून चढतो, आणि त्या चढणाऱ्या नीला शुद्ध करायचं असतं. जुन्या प्रतीत हे लिहिलेलं नसे, गायकाला ठाऊकच असे. हल्लीचे संपादक ती खूण स्वराच्या डोक्यावर बारीक छापतात. आमच्यातला एकजण (नाव सांगत नाही, मीच) ती छपाईची चूक समजून सोडून देत होता.

ढोलक्याचं मात्र जपून. ध्वनिमुद्रणांत प्रत्येक नाचाला डफ-ढोल असतो, पण तो बहुतेक वेळा आजच्या वादकांनी घातलेला. पावान या संथ नाचासाठी आर्बो या फ्रेंच लेखकानं १५८९ च्या आपल्या नृत्यावरच्या पुस्तकात ठेका दिलाय, एक लांब आणि दोन आखूड ठोके, तेवढाच. तोच पुन्हा पुन्हा वाजवा आणि मध्ये तिहाया घालू नका. आमच्या ढोलकीवाल्याला हे अजून पटलेलं नाही.